बाबा रोज सदाफुलीची पानं खातात. झाडपाल्यात औषध नेमकं किती असतं?

अबोली

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, सुदामा नगरात राहतो. माझ्या वडिलांना (वय ७१) बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. मेटफॉर्मिन आणि आणखी एक गोळी चालू आहे. दिवाळीनंतर त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींपैकी कुणीतरी सांगितलं, सदाफुलीची चार-पाच पानं उपाशीपोटी चावून खा, शुगर मुळासकट जाते. तेव्हापासून रोज कुंडीतली पानं तोडून खातात, वर कुंडीजवळच्या गुळवेलीचा काढा. आता म्हणताहेत की एक गोळी बंद करून बघू या.

आई म्हणते, झाडाचं पान आहे, नुकसान काय होणार? भाऊ म्हणतो, सगळं थोतांड. मला दोन्ही पटत नाही. आजीच्या हातचा अडुळसा पिऊन आम्ही भावंडं मोठी झालो, आणि त्याने कफ सुटायचा हे मला चांगलं आठवतं. मग लोक पिढ्यान्‌पिढ्या जे वापरत आले त्यात खरं द्रव्य किती आणि भरवसा किती, हे कुणी तपासतं का? आणि बाबांना काय सांगू? वाद घालून ऐकणाऱ्यातले ते नाहीत.

पोहेजलेबी

काकांना एवढंच सांगा की पानं खाऊन झाल्यावर छप्पन दुकानाकडे, म्हणजे आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीकडे, वळू नका. आमच्या शेजारचे काका कारल्याचा रस घ्यायचे आणि लगेच जलेबी. विचारलं तर म्हणायचे, "अरे भिया, हिशेब बरोबर झाला."

स्टेथोस्कोप

अबोलीताई, आधी कामाचं. गोळी बंद करू देऊ नका. पानं खाण्यापेक्षा गोळी सुटणं जास्त धोक्याचं आहे. वाढलेली शुगर दुखत नाही, म्हणून माणसाला वाटतं सगळं छान चाललंय, आणि तोवर डोळ्यांच्या पडद्यावर आणि किडनीवर परिणाम सुरू झालेला असतो.

आता सदाफुली. तुमच्या बाबांना जे सांगितलं गेलं तेच जमैकातल्या लोकांनाही वाटत होतं. तिथे मधुमेहासाठी या पानांचा चहा पीत. १९५२ मध्ये ती पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. त्यांनी आणि चार्ल्स बिअर यांनी उंदरांवर अर्क वापरून पाहिला. शुगर काही उतरली नाही, पण उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. का, तर त्यांच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं की प्रयोग फसला, पुढचं झाड आणा. यांनी उलटा विचार केला. पांढऱ्या पेशी कमी करणारं द्रव्य असेल तर ज्या आजारात त्या बेसुमार वाढतात तिथे ते उपयोगी पडेल. १९५८ पर्यंत विनब्लास्टिन वेगळं झालं, पाठोपाठ अमेरिकेत एली लिली कंपनीत विनक्रिस्टिन. १९६३ मध्ये विनक्रिस्टिनला तिथे मान्यता मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते आजही पहिल्या फळीतलं औषध आहे. मी शिकत असताना लहान मुलांच्या वॉर्डात ती छोटी बाटली हातात घेतली की मला आमच्या अंगणातली सदाफुली आठवायची.

म्हणजे लोकांनी झाड बरोबर दाखवलं, आजार भलताच निघाला. एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात, त्यामुळे चार पानांतून बाबांच्या पोटात केमोथेरपी जातेय असं समजू नका. पण हीच द्रव्यं मज्जातंतूंना इजा करणारी आहेत, हातापायांना मुंग्या येतात, आणि मधुमेहात तो त्रास मुळातच होत असतो. फायदा सिद्ध नाही, धोका माहीत आहे. मी बंद करा म्हणेन.

जुनी_इंदूरकर

बाई गं, आमच्या वेळी सदाफुली फक्त देवाला वाहायची. खायची कुणी नाही सांगितली.

केमिस्ट्रीवाला

स्टेथोस्कोप यांनी छान लिहिलंय. मी होळकर विज्ञान महाविद्यालयात शिकलो, आता शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो. अबोली, तुझ्या बाबांच्या गोळीची गोष्ट त्यांना सांग, कदाचित त्यानेच काम होईल.

मेटफॉर्मिनचं मूळ झाडपाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा नावाची जांभळ्या-पांढऱ्या फुलांची एक शेंगवर्गीय वनस्पती आहे. तिथले वैदू ती खूप तहान आणि वारंवार लघवी होणाऱ्या रोग्यांना देत. त्यात गॅलेजिन नावाचं द्रव्य सापडलं. ते साखर उतरवतं, पण विषारी आहे, ती वनस्पती खाऊन मेंढ्या मरतात. रसायनतज्ज्ञांनी त्या रेणूचा सांगाडा घेऊन त्याची भावंडं बनवली. त्यातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्येच तयार झालं होतं, पण माणसांच्या मधुमेहावर त्याचा उपयोग जाँ स्टेर्न यांनी १९५७ मध्ये पॅरिसमध्ये मांडला.

म्हणजे बाबा रोज झाडपाल्याच्या औषधाचीच नातवंडं गिळताहेत, तीही विष काढून आणि मिलिग्रॅममध्ये मोजून! जे सोडायचं म्हणतात ते सिद्ध झालेलं, आणि जे धरलंय त्याची परीक्षा होऊन गेली आहे, मधुमेहात ते टिकलं नाही.

मालवी_माणूस

डॉक्टरसाहेब, सर, तुमचं ज्ञान मान्य. पण या सगळ्या कथांत एक माणूस कायम गायब असतो. जमैकातल्या ज्या बायका तो चहा करायच्या त्यांची नावं कुणाला माहीत आहेत का? कंपनीचं नाव मात्र सगळ्यांना पाठ.

हळदीचं पाहा. १९९५ मध्ये अमेरिकेने हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देऊन टाकलं होतं. आपल्या घरात कापलं-खरचटलं की पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. ते आपलंच आहे हे सांगायला माशेलकरांच्या सीएसआयआरला (सरकारी विज्ञान संशोधन परिषदेला) जुने संस्कृत, हिंदी, उर्दू दाखले गोळा करून लढावं लागलं, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झालं. आजीला साक्षीला उभं राहावं लागावं अशी वेळ का यावी?

आणि बाटलीतलं ते सुरक्षित, हे आता आम्हाला सांगू नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच राज्यात, छिंदवाड्याकडे, खोकल्याच्या सिरपने लहान लहान मुलं गेली. किडन्या बंद पडल्या. त्या आयांना मी कोणत्या तोंडाने सांगू की अडुळसा नको, सिरप द्या?

अबोली

मालवी_माणूस दादा, ती बातमी आली त्या आठवड्यात आमच्या घरातलीही सिरपची बाटली आईने फेकून दिली होती. बाबांचा झाडपाल्यावरचा विश्वास तेव्हापासूनच वाढला, हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

स्टेथोस्कोप

@मालवी_माणूस, त्या मुलांबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यातला एक शब्दही मी खोडणार नाही. डायएथिलीन ग्लायकॉल, कारखान्यात वापरायचं विष, ते सिरपमध्ये होतं. हे पहिल्यांदा घडलं नाही म्हणून जास्त चीड येते. पाच वर्षांखालच्या बहुतेक मुलांना खोकल्याचं सिरप लागतच नाही, हेही आमच्या लोकांनी आयांना आधीपासून नीट सांगायला हवं.

पण ते विष कळलं कसं? बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या म्हणून. रोज काढ्यात काय जातंय ते तपासायला कुणी जात नाही. माझा आग्रह तपासणीचा आहे, मग ते बाटलीतलं असो की कुंडीतलं.

गुळवेलीबद्दल तेच. कोविडच्या काळात घरोघर काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांना काविळीसह यकृताची इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे देशातल्या निरनिराळ्या केंद्रांतून असेच रुग्ण नोंदले गेले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, तसं ते चित्र होतं. सगळ्यांना होत नाही, थोड्यांना होतं. पण ते थोडे कोण, हे आधी कळत नाही.

वैद्यबाई

मी आयुर्वेदाची पदवीधर, इंदूरमध्येच प्रॅक्टिस करते. काही गोष्टी स्पष्ट करायला हव्यात.

एक तर सदाफुली ही आपल्या संहितांमधली वनस्पतीच नाही. ती मूळची मादागास्करची. चरक-सुश्रुतात तिचं नाव नाही. तेव्हा कुणी "आयुर्वेदात सांगितलंय" म्हणून ती देत असेल तर त्याला अध्याय विचारा.

गुळवेलीबद्दल मात्र स्टेथोस्कोप यांच्याशी माझा मतभेद आहे. आयुष मंत्रालयाने त्याच वेळी आक्षेप घेतला होता की वापरलेली वेल नक्की कोणती हे त्या अहवालात पक्कं केलेलं नव्हतं. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुळवेल, आणि तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा. दोन्ही वेली सोसायटीच्या भिंतीवर चढलेल्या दिसल्या तर अनोळखी माणसाला एकच वाटतात. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. आमच्याकडे गुळवेल तापात, ठरावीक मात्रेत, ठरावीक दिवस देतात. वर्षभर रोज ग्लासभर, हे कोणत्या ग्रंथात आहे? लोकांनी अर्धं उचललं आणि मात्रा सोडून दिली.

बिब्ब्याचं तेल अंगावर उठतं, फोड येतात, हे जुनी_इंदूरकर आजींना माहीत असेल. तोच बिब्बा शोधनाशिवाय, म्हणजे त्यातलं विष कमी करण्याच्या प्रक्रियेशिवाय, आम्ही हातातही धरत नाही. आमच्या शास्त्रात विषाची भीती आहे, आदर आहे. "नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी" हे वाक्य आमचं नव्हे, जाहिरातवाल्यांचं आहे.

स्टेथोस्कोप

@वैद्यबाई, ओळख पटवण्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्यावर पुढे वाद झालाच. पण नंतरच्या काही रुग्णांनी आणलेली वेल तपासली तेव्हा ती कॉर्डिफोलियाच निघाली. म्हणून मी शुगर, थायरॉइड, सांधेवात असलेल्यांना सांगतो की रोजची गुळवेल नको. मात्रा आणि मुदत यावर आपलं एकमत आहे, तेवढं अबोलीच्या बाबांना पुरेसं आहे.

नीमचकर

माझा इथे लिहायचा हक्क पक्का आहे, कारण आमच्या शेतात वर्षाला निदान तीन औषधं उगवतात. आजोबा नोकरीनिमित्त देवासहून नीमचला आले, आम्ही इथलेच झालो.

पहिलं, अफू. डोड्याला संध्याकाळी चिरा लावतात, सकाळी चीक खरवडून घेतात. पट्टा, म्हणजे लागवडीचा परवाना, ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स ब्यूरोचा. आता नुसतं वजन बघत नाहीत, हेक्टरी मॉर्फिन किती भरलं ते बघतात. नमुना प्रयोगशाळेत जातो. शेजारी-शेजारी शेतं, तेच बी, तरी दोघांच्या अफूत मॉर्फिन सारखं भरत नाही. थंडी, पाऊस, चिरा कधी मारला, सगळ्याने फरक पडतो. नीमचला सरकारचा अल्कलॉइडचा (झाडातल्या औषधी द्रव्यांचा) कारखाना आहे, तिथे त्यातून मॉर्फिन, कोडीन काढतात. कॅन्सरच्या रोग्याला जी सुई मिळते तिच्यामागे माळव्याची माती आहे, याचा आम्हाला अभिमान आहे.

सांगायचं हे की ज्या झाडात खरं जोरदार औषध असतं ते सरकारसुद्धा डोळे मिटून वापरत नाही, किलोकिलोचा हिशेब मागतं. मग चार पानं की पाच, कोवळी की जून, याला काय अर्थ?

दुसरं, अश्वगंधा. आमच्या मंडीत मुळ्या बघून भाव होतो. पण दलाल आता पानंही मागतात. अर्काच्या धंद्यात पानं मुळ्यांच्या नावाने खपतात. घेणाऱ्याने डबी वाचून घ्यावी.

तिसरं, इसबगोल. त्याबद्दल नंतर लिहितो, ट्रॅक्टरवाला आलाय.

पोहेजलेबी

नीमचकर दादा, इसबगोलाचं अर्धवट सोडून जाऊ नका, सगळा धागा अडकून बसेल!

जुनी_इंदूरकर

हसले बाई खूप.

वैद्यबाई, बिब्ब्याचं बरोबर सांगितलंस. माझ्या सासूबाई टाचेच्या भेगांना बिब्बा गरम करून सुईच्या टोकाने लावायच्या. कुणी जास्त लावला तर पाय सुजून यायचा. त्या म्हणायच्या, ज्याला उतारा माहीत नाही त्याने बिब्ब्याला हात लावू नये. उतारा म्हणून खोबरं नि तीळ.

बाळगुटीबद्दल विचारायचं होतं. पणती झालीय पुण्यात. मी वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, मायफळ, अतिविष, ज्येष्ठमध सगळं मारोठिया बाजारातून निवडून पाठवलं. नातसून म्हणते डॉक्टर नाही म्हणाले. मला वाईट वाटलं.

स्टेथोस्कोप

आजी, पाठवण्यामागची माया पणतीपर्यंत पोचलीच. पण पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. सहाण, पाणी, हात, यातून जंतू जातात. शिवाय वेखंडात बीटा-असारोन असतं. उंदरांमध्ये त्याने गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ मध्येच खाण्यात वेखंडावर बंदी घातली, आणि आपल्याकडच्या वेखंडात ते प्रमाण बरंच जास्त असतं. पणती मोठी झाली की तिला हळकुंड-सुंठीच्या गोष्टी सांगा आणि दूध-हळद द्या.

जुनी_इंदूरकर

दूध-हळदीला नाही म्हणाला नाहीत, चला. कळवते तिला.

बडोदेकर

बडोद्याहून हजेरी. अबोलीताईंच्या अडुळशावर कुणीच बोललं नाही, आणि आमच्या गावाचा त्यात वाटा आहे. अलेम्बिक कंपनी १९०७ ची, बडोद्याची. उभारणाऱ्यांमध्ये कोटिभास्कर होते, आपले मराठी. त्यांचं ग्लायकोडिन टर्प वासाका आमच्या दांडिया बाजारातल्या प्रत्येक घरात असायचं. वासाका म्हणजे अडुळसाच.

पुढची गोष्ट त्याहून मोठी. अडुळशातल्या व्हॅसिसिन या अल्कलॉइडवरून ब्रोमहेक्सिन तयार झालं. चिकट कफ पातळ करणारं ते औषध, आणि त्याचंच पुढचं रूप अँब्रॉक्सॉल, आज जगभर विकलं जातं. तुमच्या आजीचा काढा आणि केमिस्टकडची ती बाटली, घराणं एकच. गरोदर बाईला मात्र अडुळसा देऊ नये, व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं.

केमिस्ट्रीवाला

वा, बडोदेकर! काढ्यावरून एक मुद्दा. आपण सगळं उकळतो. पण उकळून काय टिकतं, काय उडून जातं, पाण्यात काय उतरतं, हे झाडागणिक वेगळं असतं.

चीनच्या तू यूयू यांचं उदाहरण मी दरवर्षी मुलांना देतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६७ मध्ये, चीनने मलेरियाच्या औषधासाठी गुप्त मोहीम सुरू केली. यांच्या गटाने जुने ग्रंथ आणि वैदूंचे नुस्खे चाळले. दवण्याच्या जातकुळीतली एक वनस्पती कधी काम करायची, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात त्यांना एक ओळ सापडली, की मूठभर वनस्पती पाण्यात भिजवा, पिळा आणि तो रस प्या. उकळा असं लिहिलेलंच नव्हतं! तू यूयूंनी ओळखलं की उष्णतेने औषध मरतंय. त्यांनी ईथर वापरलं, जे ३५ अंशांच्या आसपासच उकळतं. अर्क निघाला. माणसांवर वापरण्याआधी तो त्यांनी स्वतः घेऊन पाहिला. १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन शुद्ध रूपात हाती आलं, २०१५ मध्ये नोबेल. लाखो जीव वाचले.

दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने कृती इतक्या नेमकेपणाने लिहिली होती की ती शब्दशः पाळल्यावरच कुलूप उघडलं. लोकज्ञानाचा मान राखणं मी याला म्हणतो. आणि तरीही मलेरियात त्या पानांचा चहा पिऊ नका असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण चहात पुरेसं द्रव्य उतरत नाही आणि अर्धवट मात्रेने परोपजीवी निबर होतात.

मालवी_माणूस

सर, हे आवडलं. मनापासून. माझा राग विज्ञानावर नाहीच. माझे मित्र अलीराजपूरला शिक्षक आहेत, तिथल्या हाटात भिल्ल बडव्यांकडे, म्हणजे त्यांच्या वैदूंकडे, जी माहिती आहे ती ऐकून थक्क व्हायला होतं. छिंदवाड्याच्या पातालकोटात भारिया लोकांकडेही तसंच. ती माहिती म्हाताऱ्यांबरोबर चाललीय. पोरं पिथमपूरला कारखान्यात जातात, झाडं ओळखणारा उरत नाही. तपासायचं तर आत्ताच तपासा, आणि देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

वैद्यबाई

@मालवी_माणूस, याला एक चांगलं उदाहरण आहे. १९८७ मध्ये केरळच्या अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांबरोबर काणी जमातीचे वाटाडे चालले होते. शास्त्रज्ञ दमले, वाटाडे नाहीत. ते एका झुडपाची छोटी फळं खात होते. खूप आढेवेढे घेऊन त्यांनी ते झुडूप दाखवलं, आरोग्यपच्चा. त्यावरून त्रिवेंद्रमजवळच्या वनस्पती उद्यान संस्थेने 'जीवनी' हे औषध बनवलं आणि परवान्याच्या पैशातला निम्मा वाटा काणींच्या न्यासाला दिला. पुढे जंगल खात्याच्या नियमांमुळे लागवडीत अडचणी आल्या, सगळं गोड झालं नाही. पण वाटा देता येतो हे दिसलं, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यात ते तत्त्व आलं.

ग्वाल्हेरी

आमच्या बाजूची वस्तुस्थिती सांगतो, ती सुखाची नाही. चंबळच्या बेहडांत (मातीच्या घळींत), मुरैना-भिंडकडे, गुग्गुळ वाढतो. कमरेएवढं काटेरी झुडूप. सुश्रुताने मेदरोगात गुग्गुळ सांगितला, त्यावरून सत्यवतीबाईंनी १९६६ मध्ये बनारसला प्रबंध केला, सशांवर प्रयोग करून. मग लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने कोलेस्टेरॉलसाठी औषध काढलं. आपल्याकडचे निकाल चांगले होते. २००३ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत मात्र वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायच्या ऐवजी किंचित वाढलंच. प्रश्न अजून लोंबकळतोय.

तोवर इकडे झुडपांचं काय झालं? डिंक लवकर आणि जास्त मिळावा म्हणून खोल घाव घालतात, घावात रसायनं भरतात. एकदा भरपूर डिंक निघतो आणि झुडूप वाळतं. आज गुग्गुळ अतिसंकटग्रस्त यादीत आहे. शहरात वजन उतरवायच्या गोळ्यांची मागणी वाढली की आमच्या बेहडातलं झुडूप मरतं. औषधाचा गुण तपासताना पुरवठा कुठून येतो हे कुणी विचारतच नाही.

अबोली

हे वाचून खूप अस्वस्थ झाले. गुग्गुळाच्या गोळ्या आमच्याही कपाटात आहेत.

शांतिसागर

विषय थोडा वेगळा, पण विचारतो. काकांना पार्किन्सन आहे. गावाकडच्या एकाने खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण द्यायला सांगितलंय. यात काही तथ्य आहे का?

स्टेथोस्कोप

@शांतिसागर, तथ्य भरपूर आहे, म्हणूनच जपून. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा असतं, म्हणजे तुमच्या काकांच्या गोळीतलंच द्रव्य. कंपवातावर, म्हणजे पार्किन्सनवर, आपल्याकडे ती जुन्या काळापासून देतात. २००४ मध्ये लंडनला थोड्या रुग्णांवर अभ्यास झाला, ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त टिकला. पण गोळी चालू असताना वरून चूर्ण दिलं तर डोपाची मात्रा दुप्पट होऊ शकते. रक्तदाब कोसळणं, भास होणं, हातपाय आपोआप वळवळणं, हे सगळं होतं. त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना चूर्ण दाखवा, लपवून देऊ नका.

शांतिसागर

आभार. आजच काकूंना फोन करतो. त्यांनी चूर्ण आणून ठेवलंय.

नीमचकर

आलो परत. इसबगोल. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओंब्या पिकतात आणि त्याच वेळी अवकाळी पाऊस पडला तर एका रात्रीत पीक जातं, कारण भुसी पाणी पिऊन फुगते आणि दाणे गळतात. आमचं नुकसान करणारा हा गुणच पोटात औषध होतो. बी-भुसीत असा काही रेणू नाही जो रक्तात जाऊन जादू करेल. ती आतड्यात पाण्याने फुगते, चिकट होते, साखर आणि पित्ताम्लं धरून ठेवते. कोलेस्टेरॉल थोडं उतरतं हे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानेही १९९८ मध्ये मान्य केलंय. जेवणानंतरची शुगरही थोडी कमी चढते.

अबोलीताई, काकांना झाडाचंच काही घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून इसबगोल घेऊ दे. मोठा ग्लास भरून पाण्याबरोबर, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब, नाहीतर ती गोळीही धरून ठेवते. कोरडं गिळायचं नाही, घशात अडकतं.

स्टेथोस्कोप

नीमचकरांनी इतकं नेमकं लिहिलंय की मला काही जोडायचं नाही. याला माझी संमती समजा.

अबोली

मंडळी, आज बाबांशी बोलले. केमिस्ट्रीवाला सरांनी लिहिलेली मेटफॉर्मिनची गोष्ट वाचून दाखवली. चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचली. म्हणाले, "म्हणजे मी आधीपासून झाडपालाच घेतोय की!" गोळी बंद करण्याचा विषय त्यांनीच मिटवला.

सदाफुलीवर मात्र अडून बसले होते. शेवटी त्यांनी स्वतःच तोडगा काढला. आधी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) करायची, मग पानं आणि काढा बंद, गोळ्या-जेवण-फिरणं आहे तसंच, आणि पुन्हा तीच तपासणी. आकडा तोच राहिला तर पानांचा उपयोग नव्हता असं ते मानणार. हे बरोबर आहे ना? आणि दुसरी तपासणी किती दिवसांनी?

स्टेथोस्कोप

उत्तम! तीन महिन्यांनी करा. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे त्याआधीचा आकडा अर्धा जुनाच असतो. एका माणसावरून सगळ्यांसाठी काही सिद्ध होत नाही, पण त्यांच्यापुरतं उत्तर मिळेल. दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये जा. मधल्या काळात घरच्या मीटरवर आठवड्यातून दोनदा उपाशीपोटी शुगर बघा, वाढायला लागली तर तीन महिने थांबू नका, डॉक्टरांकडे जा. आणि पहिल्या रक्तातच यकृत आणि किडनीच्या तपासण्या उरकून घ्या, काढा बरेच दिवस झालाय.

पोहेजलेबी

आणि ते तीन महिने छप्पनला जायचं नाही, नाहीतर प्रयोग बिघडेल. काकांच्या सोबतीला मीही जलेबी सोडतो. आजपासून.

वैद्यबाई

अबोली, कुंडीजवळच्या त्या गुळवेलीच्या खोडाचा जवळून फोटो टाक. गाठी दिसतात का बघते. काढा बंद झाला तरी वेल कोणती ते कळायला हवं, कारण तुमच्याकडून अजून कोण कोण फांद्या नेतं ते विचार.

अबोली

विचारलं. गल्लीतली चार घरं नेतात. फोटो उद्या सकाळी उजेडात काढून टाकते, आणि त्या चारही घरांना डॉक्टरांनी यकृताबद्दल लिहिलेलं आजच पाठवते.